पती-पत्नी गट, पहिला क्रमांक

देवरे मला भोंगा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागे म्हणायचे, माझ्या सासूबाईंच्या देखतही म्हणायचे. नाशिकच्या अंबड भागातल्या ज्या कंपनीत ते फोरमन होते तिथला सकाळचा भोंगा आणि मुलांना उठवतानाचा माझा आवाज, यांत त्यांना फरक कळत नाही म्हणे. आमच्या ह्यांना त्यांनी पार्किंग लाईट असं नाव ठेवलं होतं, कारण हे काही बोलायच्या आधी दोनदा डोळे मिचकावतात आणि उजेड काही पडत नाही. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत या बारशातून कोणी सुटलं नव्हतं. वाईट एवढंच की नावं अगदी चपखल असायची. आपली पाळी येईपर्यंत सगळे पोट धरून हसायचे, आणि पाळी आली की हसल्यासारखं करायचे.

स्वतःच्या बायकोला ते स्टेपनी म्हणायचे. पाहुणे आले, शालन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली की म्हणायचे, "ही आमची स्टेपनी. असावी लागते म्हणून असते." पाहुणे कसंनुसं हसायचे. शालन कप पुढे करायची आणि साखर कमी पडली का विचारायची. मी एकदा तिला म्हटलं, तुला राग कसा येत नाही गं? तर म्हणाली, वहिनी, येतो, पण ठेवायचा कुठे ते कळत नाही.

दिसायला माणूस देखणा होता, हे नाकारून चालणार नाही. उंच, ताठ, कडक इस्त्रीची पँट आणि खांद्यावर कायम एक पिवळं फडकं. गाडी पुसायचं फडकं ते. गाडीपासून दूर असले तरी फडकं खांद्यावर. लग्नाकार्यात ते घडी करून खिशात जायचं, पण बरोबर असायचंच. आमच्या गल्लीतली पहिली चारचाकी त्यांची. पांढरी, छोटी, साध्या संसारी माणसाने घ्यावी तशी. पण देवरे तिच्याबद्दल बोलायला लागले की वाटावं, हत्ती बांधलाय दारात. त्यांना मूलबाळ नव्हतं. कोणी विषय काढला की बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, हे काय आमचं लेकरू, रडत नाही, शाळेची फी मागत नाही. शालन तिथेच उभी असायची.

दसऱ्याला गाडीची पूजा असे. झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, पुढे नारळ. ओवाळायचं शालनने, पण स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एका वर्षी तिने हौसेने त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, तर देवरेंनी तिथल्या तिथे पिवळ्या फडक्याने ते पुसलं आणि म्हणाले, हात तेलकट आहेत तुझे. आम्ही बायका पेढ्याचं ताट घेऊन उभ्या होतो. शालनने आपला हात पदराला पुसला, जणू खरंच तेलकट होता.

गल्लीतल्या निम्म्या पुरुषांना गाडी देवरेंनीच शिकवली. फुकट शिकवायचे, पण त्यांची रीत अशी की डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा. सांडला की उतरायचं आणि घरी चालत यायचं, मग कुठेही असा. समोरचे जोशीकाका नुकतेच रिटायर झाले होते, त्यांना फार हौस. पहिल्याच दिवशी क्लच सुटला आणि पेला त्यांच्या मांडीवर आला. देवरेंनी त्यांना पाथर्डी फाट्यावर उतरवलं. नुसतं उतरवलं नाही, गाडीची माफी मागायला लावली. साठीचा माणूस ओल्या पँटीने बॉनेटसमोर हात जोडून उभा, रस्त्यावरचे लोक बघतायत. काका हसत हसत घरी आले आणि नंतर त्यांनी कधी स्टिअरिंग धरलं नाही. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, रात्री जेवले नाहीत.

आता याच्या उलटही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलते असं व्हायचं. माझ्या धाकट्याला तापात झटके आले, दुपारची वेळ, हे ऑफिसात. मी पोराला घेऊन रस्त्यावर आले तर देवरे त्याच दिवशी रजेवर. ताबडतोब गाडी काढली. सगळ्या गर्दीतून त्यांनी ज्या सफाईने दवाखाना गाठला, ते मी कधी विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते. आणि पुढच्या आठवड्यात गणपतीच्या मांडवात, माईक हातात घेऊन, देवरेंनी माझ्या रडण्याची नक्कल केली. गाडीत मी कशी नवसांची यादी म्हणत होते, वणीच्या देवीला काय कबूल केलं, त्र्यंबकेश्वराला काय, सगळं सुरांत. मांडव हसून लोळला. मीही हसले, पोर जिवंत होतं ना माझं. पण उपकार करायचा आणि त्याची वसुली चारचौघांत करायची, ही त्यांची खोड मला तेव्हा कळली.

शालनच्या बोलण्यावर तर त्यांचा फारच राग. दोघंही तिकडचीच माणसं. ती मालेगावची, देवरे सटाण्याजवळच्या खेड्यातले, म्हणजे दोघांच्याही घरात अहिराणी. पण देवरेंनी नाशकात पाय ठेवला आणि ती भाषा गावच्या स्टँडवरच सोडून आले. त्यांचं मराठी असं की पुण्याचा माणूस गप्प बसावा. शालनच्या तोंडून मात्र घाईत 'शे' निघून जायचं. तिने 'भाजी तिखट शे' म्हटलं की देवरे पाहुण्यांसमोर जेवायचे थांबायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "पुन्हा. नीट." ती म्हणायची, भाजी तिखट आहे. मग ते घास घ्यायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय हे.

तिची आई एकदाच नाशकात राहायला आली. बुटकी, काळीसावळी, कमरेला चंची, मुलीचा संसार बघून हरखलेली. भावाचं मालेगावला सायकलीचं दुकान, त्यामुळे म्हातारीच्या लेखी जावयाची गाडी म्हणजे विमान. देवरेंनी तिला गाडीतून फिरवायला नेलं, मागच्या सीटवर बसवलं. म्हातारीला गाडीची सवय नाही, पोटात ढवळलं आणि सीटवरच उलटी झाली. देवरेंनी गाडी बाजूला घेतली, सासूला उतरवलं, शालनलाही उतरवलं आणि रिक्षा करून या म्हणून निघून आले. मग ते मागचं सीट काढून आठवडाभर अंगणात उन्हाला टाकलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, सासूबाईंची आठवण आहे, वास घ्या. म्हातारी दुसऱ्याच दिवशी एसटीने गेली ती परत कधी आली नाही. जाताना ती मला भेटली आणि माझ्या वतीने जावयाची माफी माग म्हणून सांगून गेली. मी काही मागितली नाही.

असे हे देवरे, आणि त्यांना शर्यतीचं वेड लागलं.

शहरातल्या काही हौशी लोकांनी मिळून गाड्यांच्या शर्यती सुरू केल्या होत्या. पांडवलेण्यांच्या पलीकडचा ओसाड माळ, त्यावर चुन्याच्या रेघा, जुन्या टायरांच्या उतरंडी, मध्ये टँकरने पाणी सोडून केलेला चिखल. एकेकाने गाडी पळवायची, घड्याळ लावून वेळ मोजायची. खऱ्या शर्यतवाल्यांच्या जीपा वेगळ्या, त्यांच्याशी देवरेंच्या गाडीचं काय जमणार? पण त्या वर्षी त्यांनी गंमत म्हणून घरगुती गाड्यांचा एक पती-पत्नी गट ठेवला. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी बसायचं. देवरेंनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. मग महिनाभर गल्लीत दुसरा विषय नाही. कोणत्या वळणाला कुठला गिअर, चिखलात पाय कसा हलका ठेवायचा, आम्ही पोळ्या लाटताना ऐकत होतो.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे मालेगावहून फोन आला. गल्लीत तेव्हा फोन आमच्याकडेच होता. शालनचा भाऊ बोलत होता. मी तिला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी धावत आली, रिसीव्हर मनगटांत धरला आणि म्हणाली, "माय कशी शे?" मग नुसती ऐकत राहिली. आईचं काही खरं नव्हतं. अन्न सुटलं होतं आणि सारखी शालनचं नाव घेत होती. ये म्हणाला भाऊ.

तिने संध्याकाळच्या एसटीने निघायचं ठरवलं, पिशवीही भरली. देवरे कंपनीतून आले. त्यांच्या ओट्यावरचं बोलणं आमच्या खिडकीत ऐकू येतं, मला कान लावावा लागला नाही. आधी त्यांचा आवाज चढला. गट पती-पत्नीचा आहे, पत्नी तू आहेस, एका दिवसापुरती दुसरी आणू का? मग गोड झाला. म्हणाले, आई आधीही दोनदा अशीच आजारी पडली आणि उठून बसली. एसटीत धक्के खात, उभ्याने जाशील, त्यापेक्षा एक रविवार जाऊ दे. "सोमवारी नेतो. आपल्या गाडीने. थेट दारात उतरवतो." आणि शेवटी असंही म्हणाले की, म्हातारीलाही बरं वाटेल, लेक गाडीतून उतरली म्हणून.

हे शेवटचं वाक्य लागू पडलं. बायकोचं मर्म कुठे आहे ते या माणसाला पक्कं ठाऊक. आईला रस्त्यात उतरवलं होतं त्याच गाडीने आईच्या दारात उतरायचं, याची शालनला भूल पडली. ती आमच्याकडे आली आणि भावाला फोन लावून म्हणाली, सोमवारी येते, ह्यांच्याबरोबर गाडीनं येते, मायला सांग. मग मला म्हणाली, रविवारी कोणीतरी फोनजवळ थांबाल का वहिनी? मी म्हटलं, आमचे हे थांबतील, त्यांना धुळीचा त्रासच होतो.

शनिवारी देवरेंनी गाडीचं वजन उतरवलं. जॅक काढला, पायपुसणी काढली, मागचं सीट काढून ओट्यावर ठेवलं. मागचं जादा चाक काढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक स्टेपनी काढतोय, दुसरी नियम आहे म्हणून न्यावी लागते." डॅशबोर्डवरचा बोटाएवढा गणपतीसुद्धा उचकटून काढला. आणि गाडीच्या पोटाखाली, इंजिनच्या ऑईलच्या चेंबरला दगड लागू नये म्हणून जो लोखंडी पत्रा असतो, तोही सोडवला. जन्म यंत्रांत घालवलेला फोरमन माणूस. तो पत्रा कशासाठी असतो हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण चार सेकंद कमी होतील म्हणून काढला.

रविवारी अख्खी गल्ली टेम्पो करून माळावर. आम्ही डबे घेतले होते. शालनने नवी हिरवी साडी नेसली होती. गर्दीत कोणाशी बोलत नव्हती, नुसती सोमवार मोजत होती. मला दोनदा म्हणाली, उद्या पहाटे निघालो तर नऊपर्यंत पोचू ना वहिनी?

पती-पत्नी गटात गंमतच गंमत. एक डॉक्टरीणबाई प्रत्येक वळणाला नवऱ्याचा हात धरायच्या, ते दोघं टायरांत घुसले. एका बाईने चिखलापाशी गाडी थांबवायला लावली आणि उतरून चालत आली. लोक शिट्ट्या मारत होते. देवरेंचा नंबर यायचा होता. तेवढ्यात मला धुळीतून आमचे हे स्कूटरवरून येताना दिसले.

फोन सोडून आले म्हणजे निरोप घेऊनच. मी गर्दीच्या या बाजूला, ते त्या बाजूला. ते थेट देवरेंकडे गेले. देवरे पिवळ्या फडक्याने काच पुसत होते. ह्यांनी दोनदा डोळे मिचकावले, मग काहीतरी सांगितलं. देवरेंनी मान हलवली, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा काच पुसायला लागले. शालन पलीकडे डोक्यात हेल्मेट घालून उभी होती, तिला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. देवरेंनी तिचा पट्टा हनुवटीखाली घट्ट केला आणि दार उघडून तिला आत बसवलं.

हे माझ्यापर्यंत पोचले तेव्हा गाडी रेषेवर लागली होती. काय झालं म्हटलं, तर म्हणाले, फोन आला होता, आई अगदी शेवटाला आलीय, असाल तसे निघा. म्हटलं, मग तिला सांगितलंत? तर म्हणाले, "देवरेंना सांगितलं ना."

आपल्याकडे ही रीतच आहे. बाईच्या माहेरचा निरोप आला की तो आधी नवऱ्याच्या कानावर घालायचा, मग तो बायकोला सांगणार, योग्य वेळ बघून, पाणीबिणी देऊन. आमच्या ह्यांना वाटलं आपण शहाण्यासारखं वागलो. ती पाच पावलांवर उभी होती हो. पाच पावलं पुढे जाऊन 'शालनवहिनी, निघा' म्हणायला काय झालं होतं? यावरून मी ह्यांच्याशी महिनाभर नीट बोलले नाही, आणि आजही विषय निघाला की त्यांचं एकच पालुपद, नवऱ्याला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं.

झेंडा पडला आणि गाडी सुटली. मी खोटं नाही बोलणार, काय चालवली त्या माणसाने. ती आमची भाजी-किराण्याची गाडी, पण वळणावर अशी घसरत नेली आणि अशी सरळ केली की जीपवालेही उभे राहिले. चिखलातून तर न अडकता निघाली, दोन्ही बाजूंनी लाल पाणी उडालं. शालनचं हेल्मेट आत इकडून तिकडे हलताना दिसत होतं. एक शब्द नाही, एक हात वर नाही. आई मरायला टेकलीय हे शेजारच्या माणसाला माहीत आहे, आणि ती त्याच्या शेजारी शहाण्यासारखी बसून आहे. गल्लीतले सगळे ओरडत होते. मी एकटीच शिव्या देत होते, आणि लोकांना वाटलं तेही प्रोत्साहनच.

पहिला क्रमांक आला. लगेच कप दिला, माईक दिला. मी माणसं ढकलत पुढे सरकत होते. देवरे माईकवर म्हणाले, "बाकीच्यांनी बरोबर ब्रेक आणले होते. मी स्टेपनी आणली. तोंड उघडत नाही, तेवढाच तिचा गुण." हशा झाला. मग फोटोवाला म्हणाला, कप घेऊन एक फेरी होऊ द्या. त्यांनी शालनला परत आत बसवलं. एका हातात खिडकीबाहेर धरलेला कप, एका हातात स्टिअरिंग, आणि तोंड आमच्याकडे.

टायरांच्या पलीकडे एक दगड वर आला होता. सगळ्यांना आवाज ऐकू आला. देवरेंना हात हलवण्यात ऐकू आला की नाही कोण जाणे, ते तसेच फिरत राहिले. मागे जमिनीवर काळी रेघ उमटत होती. अर्ध्या फेरीत गाडी घरघरली आणि जागीच बसली. चेंबर फुटून ऑईल वाहून गेलं, इंजिन जाम झालं. त्या इंजिनाचा आवाज पुन्हा कधी कोणी ऐकला नाही.

मी पोचले तेव्हा देवरे गाडीखाली आडवे होते, फडकं घेऊन. शालन हेल्मेट घालून तशीच उभी, साडीवर लाल चिखल, हातात कप, कारण तो कोणीतरी धरायला हवा होता. मी तिचं हेल्मेट सोडवलं आणि सांगितलं, शालन, मालेगावहून फोन आलाय, तू नीघ. तिने विचारलं, कधी? म्हटलं, शर्यतीच्या आधी. तिने गाडीखालून बाहेर आलेल्या त्या कडक इस्त्रीच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ह्यांना माहीत होतं?"

मी हो म्हटलं. सांगायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही.

देवरे बाहेर आले. हातभर ऑईल. म्हणाले, सांगणारच होतो, दोन फेऱ्यांनी काय फरक पडतो. आणि गाडीकडे बघून म्हणाले, आता सोमवारचंही अवघडच दिसतंय. शालनने कप बॉनेटवर ठेवला. ह्यांच्या स्कूटरवर मागे बसली. हे तिला द्वारका चौकात घेऊन गेले आणि मालेगाववरून जाणाऱ्या धुळ्याच्या एसटीत चढवून आले. तशीच गेली ती, चिखलाच्या साडीत. कंडक्टरने तिला बसू दिलं नाही, सीट खराब होईल म्हणून. उभ्याने गेली.

ती माहेरच्या बोळात शिरली तेव्हा बाहेर चपलांचा ढीग होता. म्हातारी दिवस मावळताना गेली होती. भाऊ दारात उभा होता. त्याने तिची साडी पाहिली, रिकामा बोळ पाहिला आणि विचारलं, गाडी कुठंय? मग म्हणाला, "तुनी वाट देखी देखी गई माय." उंबऱ्याकडे तोंड करून ठेवा म्हणायची म्हणे, गाडी दिसेल. हे शालनने मला एकदाच सांगितलं, भांडी घासताना, आणि परत कधी नाही.

ती तेरावं करून आली तेव्हा कप शोकेसमध्ये मधोमध बसला होता. देवरे ही हकीकत पुढे कित्येक वर्षं सांगत. वळणं, चिखल, गिअर, सगळं रंगवून, आणि शेवटी, त्याच दिवशी सासूबाई गेल्या, एक गेली, एक आला. कप दाखवायचे. शालन चहा आणायची. फक्त तिचं 'शे' बंद झालं होतं. एकदाही चुकून निघालं नाही. इतकं शुद्ध बोलायला लागली की देवरेंना बोट वर करायची संधी मिळेना.

गाडीचं इंजिन नवं घालणं त्यांना झेपलं नाही. ती ताडपत्रीखाली उभी राहिली, टायर बसले, आत मांजर व्याली. शेवटी भंगारवाल्याने नेली. तो ओट्यावरचं मागचं सीटही मागत होता. शालन दारात आली आणि म्हणाली, ते राहू दे, त्यावर माझी आई बसली होती. ते सीट मग भिंतीला टेकवून कायमचं ओट्यावर राहिलं, कोणी आलं की बसायला.

पुढे कंपनीने माणसं कमी केली, देवरे घरी आले. आणि एक दिवस दाढी करताना कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काही महिन्यांनी वाचा परत आली, पण कोणती? निव्वळ अहिराणी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, लहानपणची भाषा तेवढी उरते. पुण्याच्या माणसाला गप्प करणारं ते मराठी कुठे गेलं कोण जाणे. ते 'माले', 'तुले' करायचे, जीभ अडखळायची आणि त्यांचेच डोळे भरून यायचे. गल्ली बघायला आली. गल्ली काही दयाळू नसते. जोशीकाका तर काठी टेकत आले, समोर खुर्चीवर बराच वेळ बसले. शालन देवरेंना पाणी पाजत होती, पेला हलला आणि पाणी मांडीवर सांडलं. काका म्हणाले, "सांडू नका देवरे. उतरावं लागेल." आणि शांतपणे घरी गेले. मला हसू आलं. आलं म्हणून सांगते.

शालनबद्दल मात्र कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. रोज अंघोळ, रोज दाढी, रोज इस्त्रीचा शर्ट. सकाळी त्यांना धरून आणायची आणि त्या सीटवर बसवायची, फाटकाकडे तोंड करून. खांद्यावर पिवळं फडकं. तोंडातून लाळ आली की त्यानेच पुसायची. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ही बाई मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकली. भावाच्या मदतीने एक जुनी लाल गाडी घेतली. महिन्यातून एकदा कामाच्या मावशीला देवरेंजवळ बसवून ती एकटी मालेगावला जायची, भावाकडे. स्टिअरिंगला तिने स्वतःच्या हाताने कुंकू लावलं होतं.

आम्ही इंदिरानगर सोडून मुलाकडे जायला निघालो त्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. देवरे सीटवर, स्वच्छ, ताठ बसवलेले. शालन मालेगावला निघाली होती, हातात डबा, गाडीची किल्ली. मी नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं असावं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. डाव्या हाताने त्यांनी तिचा पदर धरला आणि म्हणाले, "माले गावले ली चाल." मला गावाला घेऊन चल. पुन्हा म्हणाले. पुन्हा. साठ-पासष्टचा माणूस, डोळ्यांतून पाणी, आणि सटाणा मालेगावहून कितीसं लांब? गाडी दारात उभी होती आणि तिचं मागचं सीट रिकामं होतं.

मावशीने मला हळूच सांगितलं, रोज म्हणतात, रोजचंच आहे.

शालन खाली वाकली. फडक्याने तिने त्यांचे डोळे पुसले, हनुवटी पुसली, पदर हळूच सोडवून घेतला. आवाजात राग नाही, काही नाही. लहान मुलाला सांगावं तसं, स्वच्छ मराठीत म्हणाली, "सोमवारी नेते हं."

मला तिथे उभं राहवेना. बरं वाटलं का वाईट, विचारू नका, दोन्ही वाटलं आणि भीतीही वाटली. ती गाडीत बसली, आरसा नीट केला आणि वळण घेऊन गेली. देवरे फाटकाकडे बघत होते.

तो वार सोमवारच होता.